अकरा दिवसांच्या नोंदी

"पान सहा वाचलंस का तू?"

कशी आहेस, बरी आहेस ना, एवढंही त्यानं विचारलं नाही. उद्या सकाळी अकरा वाजता माझ्या विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा घ्यायला येणारा बाहेरचा परीक्षक म्हणजे माझाच जुना वर्गमित्र. एरवी फोन केला की आधी दहा मिनिटं स्वतःच्या गुडघ्यांचं रडगाणं गाणार. आज एकदम पानाचा आकडा. डबा अर्धा खाऊन झाला होता, मी झाकण लावलं. "सहा म्हणजे ऋणनिर्देश असेल," मी म्हणाले, "तो कोण वाचतं?" "मी वाचला," तो म्हणाला, "आणि आता वाटतंय, नसता वाचला तर बरं झालं असतं. अगं, तुझ्या पोरीनं चक्क लिहून दिलंय की अकरा दिवसांच्या नोंदी तिनं घेतल्याच नाहीत, तुमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायानं घेतल्या. आणि पान दोनवर तू सही ठोकून प्रमाणपत्र दिलंयस की सगळी निरीक्षणं विद्यार्थिनीनं स्वतः केली. दोघींतली एक खोटं बोलतेय असं मी नाही म्हणत, कागद म्हणतोय." मग त्यानं आवाज खाली आणला, परीक्षेत शेजारच्याला उत्तर विचारताना आणायचा तसा. "चार वाजता परीक्षा विभाग प्रती सीलबंद करतो. त्याआधी तेवढं एक पान बदल. माझ्या प्रतीतलं मी काढून टाकतो. मी काही वाचलं नाही, तू काही ऐकलं नाहीस. झाकली मूठ." फोन ठेवला तेव्हा घड्याळात दीड वाजून गेला होता.

कपाटातली प्रत काढून मी उभ्यानंच पान सहा उघडलं. सुरुवातीला माझे आभार होते, मी तिला प्रश्न विचारायला शिकवलं म्हणून. मग विद्यापीठाचे, आईवडिलांचे. मग एक पूर्ण नाव, तीन शब्दांचं, कुणा परक्या माणसाचं असावं तसं. मी त्यावरून डोळे पुढे नेले. 'यांना सगळे मामा म्हणतात. मला ताप होता तेव्हा एकोणीस ते एकोणतीस या दिवसांच्या सर्व नोंदी त्यांनी घेतल्या. ओल्या दोऱ्यानं मूळ मोजण्याची पद्धत त्यांची आहे. नंतर मीही तीच वापरली. त्यांची मोजणी माझ्यापेक्षा चांगली आहे, हे आलेख दोनमध्ये दिसतं.' बस्स. एका विशेषणाची भेसळ नाही. हे असं लिहायला मी तिला दोन वर्षं शिकवत होते. निबंध लिहू नकोस, जे झालं ते लिही, असं तिच्या प्रत्येक मसुद्यावर लाल पेननं लिहीत होते. माझ्या मनात पहिला विचार आला तो, मूर्ख मुलगी. दुसरा आला, मी हे सही करायच्या आधी का वाचलं नाही. तिसरा काही आलाच नाही.

खारट पाण्यात रोपांची मुळं कशी वाढतात, एवढाच तिचा प्रश्न. त्यासाठी काचघरात चाळीस चपट्या पेट्या, पुढून काच, आत माती, प्रत्येक पेटीत पाच रोपं. मुळं काचेला चिकटून वाढतात आणि बाहेरून दिसतात. रोज सकाळी सात वाजता दोनशे मुळं मोजायची, साठ दिवस. एक दिवस चुकला तर पेट्या काही थांबत नाहीत. मूळ वाढतं ते वाढतंच, आणि तेवढ्या दिवसाचं भोक आलेखात कायमचं राहतं. भोक चार दिवसांचं असतं तर चाललं असतं. अकरा दिवसांचं म्हणजे सगळं पहिल्यापासून, आणि तिच्या मुक्कामाची मुदत दोन महिन्यांनी संपत होती. हे मला ठाऊक होतं. आणि विभागातल्या सगळ्यांना हेही ठाऊक होतं की दीड वर्षापूर्वी एक परिपत्रक निघालं आहे: प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्यांनी संशोधनाच्या कोणत्याही साहित्याला, उपकरणाला वा नोंदवहीला हात लावू नये, स्वतःहून लावल्यास कर्मचाऱ्याची, कुणाच्या सांगण्यावरून लावल्यास सांगणाऱ्याची विभागीय चौकशी होईल आणि तो प्रबंध तपासणीसाठी परत पाठवला जाईल. शेजारच्या विभागात एका मुलानं शिपायाकडून अख्खा प्रयोग करून घेतला होता, त्यावरून निघालेलं. भाषा मोठी करकरीत आहे त्याची. कारण त्यासाठी नेमलेल्या समितीत असताना ते मी लिहिलं.

मामांना निवृत्तीला तीन महिने राहिले होते. चौकशी लागली तर ती संपेपर्यंत निवृत्तीचे कागद हलणार नाहीत, आणि इथली चौकशी कधी संपते ते मला माहीत आहे. तिचा प्रबंध परत आला तर ती पदवीशिवाय घरी जाईल. राहता राहिले मी. माझं नाव अधिष्ठातापदासाठी वर गेलेलं. म्हणजे तिघांच्या मानेवर एकच पान, आणि ते बदलायला अडीच तास. इतकं सोपं गणित. मी तिला फोन लावला. बंद. परत लावला, बंद. मी कॉरिडॉरमध्ये आले आणि चपला वाजणार नाहीत अशी चालायला लागले. का, कुणास ठाऊक. चोराच्या मनात चांदणं.

विभागात तिला सगळे पाहुणी म्हणतात. बाहेरच्या देशातून आलेली आमची पहिलीच विद्यार्थिनी, त्यामुळे आल्या दिवसापासून तिचं कौतुक नको तितकं झालं. तिच्या एकटीमुळे मानांकनात विद्यापीठाचे चार गुण वाढले, हे कुलगुरू भाषणात दोनदा सांगतात. प्रवेशद्वारापाशी मोठ्या फलकावर तिचा फोटो आहे, हातात परीक्षानळी धरून हसतेय. परीक्षानळी रसायनशास्त्राची. आमच्या कामात ती कधी लागत नाही. पण छायाचित्रकार म्हणाला, विज्ञान दिसलं पाहिजे. फोटो निघाल्यावर तिनं मला विचारलं होतं, "हे खोटं नाही का?" मी म्हणाले, "अगं, हे जाहिरातीपुरतं." तिनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची. पहिले सहा महिने तिला वाटत होतं की आमचा विभाग म्हणजे एक कुटुंब आहे. एक मामा, ग्रंथालयात काका, कार्यालयात दोन ताया. तिनं मनाशी जुळवलं होतं की मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ असणार, वय जुळत नसलं तरी. मग एक दिवस विभागाच्या बैठकीत मामा चहाचा ट्रे घेऊन आले आणि नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ लावून उभे राहिले, तेव्हा तिनं सगळ्यांदेखत, शिकलेल्या शुद्ध मराठीत विचारलं, "हे सगळ्यांचे मामा आहेत, मग हे उभे का आहेत?" सगळे खो खो हसले. विभागप्रमुखांना ठसका लागला. मीही हसले, जरा जास्तच. मामाही हसले. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या दाराशी एक खुर्ची आली, तिनं स्वतः भांडारातून ओढत आणलेली, एक हात तुटका. मामा आठवडाभर त्या खुर्चीजवळ उभे राहत. मग टेकायला लागले. मग बसायला. मी आत आले की मात्र उठतात. मी कधी बसा म्हणाले नाही. उठू नका असंही म्हणाले नाही. बावीस वर्षं ते माझ्यासाठी दार उघडतायत आणि हे मला आज, खुर्चीच्या रिकाम्या जागेपाशी उभी राहून सुचत होतं, कारण दाराशी ना खुर्ची होती ना मामा.

वसतिगृहात ती नव्हती. ग्रंथालयात नव्हती. ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरताना मी मनात वाक्यं जुळवत होते. हे बघ, हे पान म्हणजे रीत असते. इथे सगळं लिहायचं नसतं. नाही, असं नको. हे बघ, तुझ्याच भल्यासाठी सांगतेय. हे तर सगळेच म्हणतात. हे बघ, मामांच्या भल्यासाठी. हां. हे चालेल. आणि हे चालेल असं वाटल्याबरोबर मला स्वतःची किळस आली, म्हणून मी आणखी भराभर चालले. पावणेतीन. रीत म्हणे. रीत मला कुणी शिकवावी? तीस वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या प्रबंधाचा ऋणनिर्देश दोन पानांचा होता. त्यात माझे मार्गदर्शक होते, ज्यांनी माझं एक प्रकरण गाडीत विसरून मला परत लिहायला लावलं होतं; ते 'ऋषितुल्य' होते. विभागप्रमुख होते. ज्या ग्रंथपालानं मला कधी वेळेवर पुस्तक दिलं नाही तो होता. टंकलेखक होता. नव्हती ती वहिनी.

पानांच्या आडव्या छेदांच्या बेचाळीस आकृत्या लागत होत्या मला. सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि काळ्या शाईनं कागदावर उतरवायचं, एकेक पेशी. माझा हात थरथरतो, लहानपणापासून. आईबाप गेल्यावर दादा-वहिनीकडे वाढले मी. वहिनी चौथी शिकलेली, पण रांगोळीपासून लेकाच्या भूगोलाच्या नकाशापर्यंत तिची रेघ अशी की बघत राहावं. एक आकृती तिनं गंमत म्हणून काढली. मग दुसरी. मग मी सूक्ष्मदर्शकच घरी आणला. दुपारी भांडी आवरून झाली की ती हात पुसून यायची, एक डोळा मिटायची आणि म्हणायची, "ताई, आज कुठलं पान?" बेचाळीसच्या बेचाळीस. तिसऱ्या आकृतीत तिनं एक पेशी दाखवली, कडेला, जी मला दिसलीच नव्हती. त्या पेशीवर माझा पहिला शोधनिबंध उभा आहे. ती आकृती पुढे पाठ्यपुस्तकात गेली, अजून मुलं परीक्षेत ती काढतात, खाली माझं नाव आहे. प्रबंध बांधून घरी आला तेव्हा तिनं आधी हात धुतले. एकेक आकृती बघितली, म्हणाली, "छान बसल्यात." मग परत पहिल्या पानांकडे आली. प्रबंध इंग्रजीत, ती लिपी तिला वाचता यायची नाही. फक्त स्वतःचं नाव यायचं, सही करण्यापुरतं शिकलेली. तिला कसं कळलं हेच ते पान म्हणून, मला आजही माहीत नाही. तिनं बोट वरच्या ओळीवर ठेवलं आणि हळूहळू खाली आणलं. एकेका ओळीवरून. दुसरं पानही तसंच. तळाशी बोट क्षणभर थांबलं, मग तिनं पुस्तक मिटलं आणि त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, मळू नये म्हणून. त्याबद्दल तोंडातून ब्र काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं की प्रबंधातल्या आकृत्या स्वतः काढाव्या लागतात, नियम आहे, नाव घातलं असतं तर तिच्याच कष्टांवर पाणी पडलं असतं. खरंच होतं ते. नियम होताच. नियम नेहमी असतोच.

काचघराचं दार ढकललं तशी दमट ऊब अंगावर आली आणि चष्म्यावर धुकं धरलं. चष्मा पुसेपर्यंत मला नुसते दोघांचे आवाज ऐकू येत होते. प्रयोग संपला होता, पेट्या रिकाम्या करायचं काम चाललं होतं. ती माती सोडवत होती आणि मामा मुळं धुऊन कागदावर पसरत होते. चष्मा घातला तर मामा उठून उभे राहिलेले. ती तुटक्या हाताची खुर्ची त्यांनी काचघरात आणली होती.

"तुझा फोन बंद आहे," मी म्हणाले.

"मातीचे हात होते, मॅडम." ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली.

मी जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "पान सहा बदलायचंय," मी म्हणाले. "आत्ता. चारच्या आत. मामांचा परिच्छेद काढायचा. हवं तर नुसतं 'सर्व कर्मचाऱ्यांचे आभार' असं लिही."

"का?"

मी सांगितलं. परिपत्रक, चौकशी, तीन महिने, प्रबंध परत येणं. माझी सही तेवढी सांगितली नाही. सांगताना मी मामांकडे बघितलं नाही. पेटीच्या काचेवरच्या मुळांकडे बघत होते, पांढरी बारीक, वाकडीतिकडी. ती ऐकत राहिली. तिच्या बोटांवरची माती वाळत चालली होती, ती अंगठ्यानं चोळून काढत होती.

"तुम्ही म्हणाला होतात, बाकीचं सगळं नियमानं लिही, हे एक पान मनापासून लिही," ती म्हणाली.

"म्हणाले होते. पण मनापासून म्हणजे..." 

"आमच्याकडे प्रबंध घरी नेला की घरचे फक्त हेच पान वाचतात. बाकीचं त्यांना कळत नाही. कुणाचा हात लागला ते बघतात. ज्याचा हात लागला तो पानावर नसेल तर आजी म्हणेल, हे तू उचलून आणलंस." तिनं बोटांवरची माती झटकली. "आणि उद्या ते मला विचारतील ना, मॅडम? एकोणिसाव्या दिवसापासून आकडे इतके सारखे कसे आले? मी काय सांगू? मी तेव्हा पलंगावर होते. मी तिथे नव्हते. ते एवढं जरी खोटं सांगितलं, तर बाकीचे एकोणपन्नास दिवस कुणी खरे का मानायचे?"

"हे सगळं बरोबर आहे गं," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला, "पण तुला पदवी नाही मिळाली तर त्या आजीला काय दाखवणार आहेस? नुसतं पान सहा? तू जाशील इथून. हे राहतील, चौकशीच्या खुर्चीत बसतील. तेव्हा तू कुठे असशील?" तिचा चेहरा पडला. हा घाव मी नेम धरून घातला होता. तिनं मामांकडे बघितलं, आणि मला वाटलं, झालं, सुंठीवाचून खोकला गेला. सव्वातीन वाजले होते. कार्यालयात पान टंकायला दहा मिनिटं, तीन प्रतींत बसवायला दहा.

मामा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. खिशातून त्यांनी रुमाल काढला तेव्हा त्याबरोबर एक घडी केलेला कागद बाहेर आला आणि खाली पडला. मी वाकून उचलला. पान सहाची झेरॉक्स. घडीवर विरलेली, बरेचदा उघडलेली. मामा अवघडले. "लेकीनं काढून आणली," ते म्हणाले. "तिनं वाचून अर्थ सांगितला. जावयालाही वाचून दाखवली. असू दे ते. काढून टाका मॅडम, पान काढून टाका. माझं वाचून झालंय." मग ते तिच्याकडे वळले. "हे बघ पोरी, मॅडम सांगतायत तसं कर. ह्यांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. ह्यांनी मला कधी सांगितलं नाही की मोज म्हणून. मीच आपणहून मोजलं. उद्या कुणी विचारलंच, तरी मी असंच सांगणार. मॅडमचा काही संबंध नाही."

ते माझ्याकडे न बघता बोलले. दूधवाल्याला सांगावं तसं, साध्या आवाजात. आणि दुपारपासून जे मी डोळ्यांच्या कडेला ठेवलं होतं ते समोर आलं. सकाळचे पावणेसात, मी परिषदेला निघालेली, टॅक्सी खाली उभी, एका हातात कंगवा. मामांचा फोन. "मॅडम, पाहुणी तापानं फणफणलीय, उठवत नाही तिला. पेट्यांचं काय करायचं?" आणि मी, केस विंचरता विंचरता, "तेवढं बघा हो मामा." एवढंच. फोन ठेवला. 'मोजा' म्हणाले नाही. 'मोजू नका' म्हणाले नाही. बावीस वर्षं मी त्यांना 'तेवढं बघा' म्हणत आलेय आणि त्यांनी तेवढं बघितलंय. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही पक्का ठाऊक आहे, आणि त्यातलं एक अक्षरही कुठल्या कागदावर येत नाही, हीच त्यातली सोय. परत आल्यावर मी नोंदवही बघितली होती. बघितली म्हणजे नीट बघितली, कारण दर आठवड्याला प्रत्येक पानावर माझी सही लागते. अकरा पानं वेगळ्या अक्षरातली होती, शून्याला खाली छोटी शेपूट असलेली. चहाच्या हिशेबाच्या वहीत मी ते शून्य हजारदा पाहिलंय. मी पान उलटलं. सही केली. उलटलं. सही केली. आणि आज दुपारी परीक्षकाशी बोलताना, कपाटाशी उभी असताना, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, मला जे खरंच आठवत नव्हतं ते हे होतं. माणूस इतकं सफाईनं विसरू शकतो याचं मला भय वाटलं.

"मामा," मी म्हणाले, "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"नाही मॅडम."

"टॅक्सी खाली उभी होती. मी म्हणाले, तेवढं बघा."

"ते वेगळं," मामा म्हणाले. "ते आपलं नेहमीचं." आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं वाटलं असतं. काळजी होती, मी काहीतरी वेडेपणा करीन याची.

ती दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. इतके दिवस तिला वाटत असणार की ते मामांचं आपलं चांगुलपण, देशादेशांतला फरक, इथे लोक अशी मदत करतात. त्या मदतीला सांगणारा कुणी असतो आणि तो पानावर नसतो, हे तिच्या वहीत लिहायचं राहून गेलं होतं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. आवाजात आरोप नव्हता, नोंद होती. मी हो म्हणाले. मग मी दाराकडे वळले.

परीक्षा विभागाच्या खिडकीशी पोचले तेव्हा चारला दहा कमी होते. जिना चढून धाप लागली होती. ती माझ्या मागोमाग आली होती, मातीच्या हातांसकट. तीन पावलं मागे उभी राहिली. तिला वाटत होतं मी पान काढायला आले आहे, आणि तिनं अडवलंही नव्हतं. मामांच्या तीन महिन्यांपुढे ती गप्प झाली होती. माझा घाव बरोबर बसला होता. खिडकीतल्या लिपिकानं तीन प्रती पुढे सरकवल्या. "लवकर करा मॅडम, लाख वितळवायला ठेवलीय." मी पहिली प्रत उघडली. पान दोन. 'प्रमाणित करण्यात येते की सर्व निरीक्षणे विद्यार्थिनीने स्वतः केली आहेत.' त्याखाली माझी झोकदार सही. मी 'सर्व' या शब्दावर रेघ मारली. माझा हात थरथरतो, रेघ वाकडी गेली. लिपिक म्हणाला, "अहो, खाडाखोड चालत नाही." "मी शेजारी सही करते ना, चालतं," मी म्हणाले, आणि समासात लिहायला लागले. दिवस एकोणीस ते एकोणतीस या नोंदी प्रयोगशाळा परिचर यांनी घेतल्या. परिपत्रक ठाऊक असताना, माझ्या सांगण्यावरून. जबाबदारी पूर्णतः माझी. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे अधिष्ठातापदाची खोली येऊन गेली, तिची ती मोठी खिडकी, आणि गेली. मागे उभी असलेली ती एकदम पुढे आली, खिडकीच्या कठड्यावर तिचे मातीचे ठसे उमटले. उद्या काय होईल ते तिलाही कळत नव्हतं, मलाही नाही. परीक्षक चिडेल. प्रबंध कदाचित तरीही परत जाईल. चौकशी मात्र आता माझ्या दाराशी येईल, मामांच्या नाही, एवढं त्या करकरीत भाषेतून निघत होतं. ती भाषा मीच लिहिली असल्यामुळे कुठे धरायची ते मला ठाऊक होतं.

लिपिकानं मान वाकडी करून वाचलं. दोनदा वाचलं. मग पेन एका जागी टेकवलं. "परिचर यांनी म्हणजे कोणी? असं मोघम नाही चालणार मॅडम. तुमच्याकडे तीन परिचर आहेत. पूर्ण नाव घाला."

मी पेन टेकवलं. पूर्ण नाव. मामांचं पूर्ण नाव. पेनाच्या टोकापाशी शाईचा ठिपका मोठा होत गेला आणि माझ्या डोक्यात काहीच येईना. पगारपत्रकावर बघितलं असेल. लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेवर बघितलं असेल, ती पत्रिका त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली होती. बावीस वर्षं. मला त्यांच्या शून्याची शेपूट आठवत होती, चप्पल दारात काढून ठेवायची त्यांची लकब आठवत होती. आद्याक्षर आठवत नव्हतं. लिपिक वाट बघत होता. ती शेजारी उभी होती आणि तिला ते पाठ होतं, हे मला माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, तिला कळलं, आणि ती बोलली नाही. तिनं नुसती नजर खाली घेतली.

मी चार पानं उलटली. पान सहा. वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हळूहळू खाली आणायला लागले, एकेका ओळीवरून. माझं नाव गेलं. विद्यापीठ गेलं. तिचे आईवडील गेले. मग बोट थांबलं. मी एकेक अक्षर बघून ते नाव लिहून घेतलं, तिन्ही प्रतींत.